फोनवरही पत सांभाळावी लागते

कापसाच्या हंगामात भैंशाच्या बाजारातला भाव गावोगाव पोचायला आता वेळ लागत नाही. व्हॉट्सॲपवर कुणीतरी टाकतो, "आज भाव तेज", आणि तेवढ्यावर शेतकरी गाडी भरायला घेतो. बाजारात आल्यावर कळतं, तो भाव कालचा होता, नाहीतर अगदी कोरड्या मालाचा होता. गाडीभाडं अंगावर पडतं आणि निरोप पाठवणाऱ्याचा शब्द पुढच्या खेपेला कुणी धरत नाही. निरोप पाठवायला पैसा लागत नाही, म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही.

भावाचा निरोप पुरा हवा. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या मालाला पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत भावात कपात होते, आणि त्याहून ओला कापूस घेतला जात नाही. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला. पण नुसता हा आकडा कळून शेतकऱ्याचं काम भागत नाही. अडत्यानं किंवा जिनिंगवाल्यानं तारीख, वेळ, किती ओलाव्याला किती भाव, कटती किती, हमाली कुणाकडे आणि पैसे कधी मिळणार, एवढं लिहावं. सोबत ओलावामापकाच्या आकड्याचा फोटो जोडावा. असा निरोप चार दिवस बरोबर निघाला, की पाचव्या दिवशी शेतकरी गाडी भरण्याआधी त्यालाच फोन करतो.

इथली माणसं राज्याच्या सीमेवरून रोज ये-जा करतात. भैंशासकट मुधोळ तालुका 1956 पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता, मग आंध्रात गेला, आणि 2016 पासून हा सगळा भाग तेलंगणातल्या निर्मल जिल्ह्यात आहे. सोयरिकी आणि देवघेव मात्र सीमेपलीकडच्या भोकर, धर्माबादशी तशीच राहिली. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, दुसऱ्याशी तेलुगूत, तिसऱ्याशी उर्दूत. तोच दुकानदार फोनवरून मात्र सगळ्यांना इंग्रजीतली तयार जाहिरात पाठवतो, याचं मला वाईट वाटतं. गिऱ्हाइकाच्या भाषेत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवला, तर ज्याला वाचायला जड जातं त्याच्यापर्यंतही तो पोचतो.

छोट्या दुकानदारांसाठी 2018 मध्ये आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि किमतीसकट लावता येते, दुकानाचा पत्ता आणि वेळ लिहिता येते. साडीचा फोटो टाकून किंमत झाकून ठेवली, तर दुरून येणाऱ्या बाईनं एसटीचं तिकीट कशाच्या भरवशावर काढायचं? आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकाच वेळी अनेकांना पाठवलेला साधा ब्रॉडकास्टचा निरोप फक्त त्यालाच मिळतो, ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे. म्हणजे ओळख आधी काउंटरवर व्हावी लागते. नव्या गिऱ्हाइकाला पावती देतानाच नंबर जतन करायला सांगा, आणि निरोप पाठवू का, हेही विचारा.

शेवटचं सांगणं सर्वांत कळकळीचं. जानेवारी 2020 मध्ये भैंशात हिंसाचार झाला तेव्हा इंटरनेट बंद करावं लागलं. अशा वेळी भाव कळत नाहीत, पैशांची देवघेव अडते, आणि हातावर पोट असणाऱ्याची सगळ्यांत आधी उपासमार होते. अफवांच्या भीतीनं व्हॉट्सॲपनं 2018 पासूनच आपल्याकडे एक निरोप एका वेळी पाचच चॅटवर पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आहे, पण खरी मर्यादा आपली आपणच घालायची असते. धंद्याच्या ग्रुपवर माल, भाव आणि हिशोब एवढंच असावं. चिथावणारा व्हिडिओ आला तर ॲडमिननं तो तिथल्या तिथे काढावा, पाठवणारं जुनं गिऱ्हाईक असलं तरी. आपल्या बाजारात प्रत्येक जातीधर्माचा माणूस माल आणतो आणि नेतो. त्या प्रत्येकाला ज्या ग्रुपवर निर्धास्त राहता येईल, तिथेच धंदा वाढेल.