पदच्युत कैसरचीं लांकडें

जर्मनीचा बादशहा कैसर दुसरा विल्यम १९१८ च्या नोव्हेंबरांत गादी गमावून हॉलंडांत पळाला. दोस्त राष्ट्रांनीं त्याला खटल्यासाठीं मागितलें. डच सरकारनें १९२० सालीं साफ नकार दिला. मागाहून त्याचें सामान आगगाडीचे ५० हून अधिक डबे भरून आलें! डोर्न येथें वाडा विकत घेऊन १९४१ सालीं मरेपर्यंत तो तेथें राहिला. लांकडें फोडी, पण पोटासाठीं नव्हे, करमणुकीसाठीं! त्याच्या लढाईंत जर्मनीचेच सुमारें २० लाख शिपाई पडले. त्यांच्या विधवांना वाडा कोणीं दिला? बंधूंनो, राजाची गादी गेली तरी थाट राहतो. रयतेचा पोरगा गेला कीं घर बसतें. म्हणून हुकूम देणाऱ्यास जाब विचारण्यापुरती तरी विद्या मुलांमुलींस द्या.