दंड भरला, विषय संपला?

देऊळघाटहून बुलढाण्याकडे निघालं की भल्या पहाटे रस्त्याच्या कडेनं धावणारी भरतीची पोरं दिसतात. याच तालुक्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते हा अग्निवीर ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनला शहीद झाला. फौज ही इथं ऐकीव गोष्ट नाही. आता काही पोरं एनडीए, सीडीएसची भाषा बोलतात, थेट अधिकारी व्हायचं म्हणतात. आनंदच आहे. पण थर्टीफर्स्टला किंवा मित्राच्या वरातीनंतर ‘दोनच घेतल्या होत्या’ म्हणत मोटारसायकलवर सापडलेला एखादा त्यांच्यातही असतो.

त्याची समजूत सरळ असते : दंड भरला, विषय संपला. इथंच गफलत आहे. हेल्मेट नसेल तर तडजोड शुल्क भरून सुटता येतं. पिऊन गाडी चालवण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 185 तडजोडीत बसत नाही, ते कोर्टातच जातं. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघालं की पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. पोरगा उभा राहतो, ‘साहेब, गुन्हा कबूल आहे’ म्हणतो, पैसे भरतो आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन चहा पितो. त्या पाच मिनिटांत तो दोषी ठरलेला असतो, हे त्याला कुणी सांगत नाही. वकीलसुद्धा क्वचितच.

पुढं निवड झाली की पडताळणीचा फॉर्म हातात पडतो. अटक झाली होती का? खटला चालला का? न्यायालयानं दंड केला का? शिक्षा झाली का? मग गावचे जाणकार पुढं सरसावतात : ‘‘नाही लिही रे, कोण बघतंय!’’ पोराचं खरं वाटोळं हा सल्ला करतो. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये याची नीट मांडणी केली. तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ मामला असेल, तर तो लपवला तरी नोकरी देणारा पोटात घालू शकतो. किरकोळ नसलेल्या गुन्ह्याची शिक्षा लपवली तर उमेदवारी रद्द करता येते, लागलेली नोकरीही काढून घेता येते. आणि सगळं खरं लिहिलं तरी नेमणूक दिलीच पाहिजे, असं बंधन नोकरी देणाऱ्यावर नाही.

हे शेवटचं पोरांना जाचक वाटेल. मला वाटत नाही. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर याच जिल्ह्यात, पिंपळखुट्याजवळ, समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून 25 माणसं गेली. चालकाच्या रक्तात अल्कोहोल आढळल्याचा न्यायवैद्यक अहवाल नंतर आला. ज्याच्या हुकमावर उद्या जवानांनी जीव धोक्यात घालायचा, त्याला ‘पिऊन गाडी चालवली होती का’ हे विचारायचं नाही, तर काय विचारायचं? सैन्य स्वतःच्या माणसांनाही यात सवलत देत नाही. सैन्य कायद्याच्या कलम 48 नुसार नशेत सापडलेला अधिकारी, ड्युटीवर असो वा नसो, बडतर्फ होऊ शकतो.

तरी विसाव्या वर्षीच्या एका रात्रीवर जन्माची फुली मारणंही मला पटत नाही. किती वर्षं उलटली, कुणाला इजा झाली का, पुन्हा घडलं का, हे पाहून निवड करणाऱ्यांनी ठरवावं. पण खोटं ‘नाही’ लिहिलेल्या रकान्यावर कुणाला काही ठरवता येत नाही. भरती अकादम्यांनी दंड-बैठकांसोबत एक तास या फॉर्मसाठीही ठेवावा. आणि ज्याच्या नावावर असा दंड आहे, त्यानं निकालाची प्रत काढावी, तारीख आणि कलम लिहून त्या रकान्यात ‘होय’ म्हणावं.