पोटदुखीला नाटक म्हणू नका

इगतपुरी तालुक्यातल्या शाळांत एखाद्या मुलाचं बेंबीभोवती पोट दुखलं की निदान ठरलेलंच: जंत, नाहीतर शाळा बुडवण्याचं निमित्त. जंतांची गोळी द्यावीच. पण पोट तासन्‌तास असह्य दुखतं, चेहरा पांढरा पडतो, अन्न नकोसं होतं आणि मधले काही आठवडे मूल ठणठणीत असतं, तेव्हा पोटाच्या मायग्रेनचा विचार व्हायला हवा. पचनविकारांच्या निदानासाठीच्या २०१६च्या रोम निकषांत त्याची नोंद आहे. घरात कुणाला अर्धशिशी असेल तर शंका अधिक बळावते.

आक्षेप रास्त आहे: या नावाखाली अपेंडिक्स किंवा आदिवासी भागातला सिकलसेल सुटला तर? म्हणूनच आधी तपासणी. ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, घटतं वजन, उजव्या कुशीतली कळ दिसली तर तातडीनं रुग्णालय गाठावं. मात्र तपासण्या निर्दोष आल्या म्हणून वेदना खोटी ठरत नाही. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, झटका आल्यावर अंधारी शांत खोली आणि डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेलं औषध सुरुवातीलाच, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. आश्रमशाळेच्या अधीक्षकांनी आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अशा झटक्यांच्या तारखा वहीत नोंदवायला आजच सुरुवात करावी.