सुई नाकारून व्यसन सुटत नाही

अमली पदार्थ टोचून घेणाऱ्या तरुणांना निर्जंतुक सुया मोफत द्या, असे म्हटले की भली भली माणसे चपापतात. ‘हे तर व्यसनाला उत्तेजन!’ हा पहिला आक्षेप. ‘कायद्याने जो गुन्हा, त्याला सरकारचाच हातभार कसा?’ हा दुसरा. आणि ‘मदत करायचीच तर व्यसन सोडवा, सुया कसल्या देता?’ हा तिसरा. आक्षेपकांच्या हेतूविषयी मला शंका नाही; पण यातला एकही आक्षेप वस्तुस्थितीपुढे टिकत नाही.

सुई मिळाली नाही की टोचणे थांबेल, हे पहिल्या आक्षेपातले गृहीतक. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची परीक्षा होऊन गेली. दुकानांत सिरिंज मिळेनाशा झाल्या, पोलीस सापडेल ती जप्त करू लागले. हेरॉइन थांबले नाही. एकेक सिरिंज अनेकांच्या हातांतून फिरू लागली. तिथल्या एका दवाखान्यात येणाऱ्या हेरॉइनग्रस्तांची पाहणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या निम्म्यांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. मणिपूरमध्ये १९९०च्या सुमारास, काही महिन्यांतच, टोचून घेणाऱ्यांत लागणीचे प्रमाण असेच निम्म्यावर गेले. त्या राज्याने १९९६ मध्ये आपल्या एड्स धोरणात, व्यसन चालू असले तरी त्यातून होणारी हानी कमी करण्याचा मार्ग स्वीकारला. सुयावाटपाने व्यसन फोफावते, याचा खात्रीलायक पुरावा जागतिक आरोग्य संघटनेलाही २००४च्या आढाव्यात सापडला नाही.

दुसऱ्या आक्षेपाला संसदेनेच उत्तर दिले आहे. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहेच. पण २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचे कलम २२ सांगते की संसर्गाचा धोका कमी करण्यासाठी सुरक्षित टोचणीची साधने पुरवणे किंवा पर्यायी औषध देणे हा गुन्हा नाही. देशभरात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे ‘नॅको’च्या, प्रकल्पांतून हेच काम चालते. या प्रकल्पांतल्या कार्यकर्त्याला किंवा त्याच्याकडून सुई घेऊन निघालेल्या मुलाला चौकीत बसवणे म्हणजे त्या कायद्याच्या हेतूलाच हरताळ फासणे होय.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. मुक्तांगणसारख्या संस्थांनी महाराष्ट्रात व्यसनमुक्तीची जी परंपरा उभी केली, तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु व्यसन एका झटक्यात सुटत नाही. टर्की, म्हणजे नशा तोडल्यावर शरीराला होणारा त्रास, सहन होत नाही, मुलगा पुन्हा व्यसनाकडे वळतो, पुन्हा प्रयत्न करतो. विषाणू तोवर थांबत नाही. त्याला एकच वापरलेली सुई पुरते.

आणि धोका सर्वांत जास्त नवख्याला. त्याला स्वतःला टोचता येत नाही. सोबतचा जुना माणूस टोचून देतो, तीही बहुधा आपली वापरून झालेली सुई घेऊन. सुई वेगळी असली तरी पदार्थ विरघळवण्याचा चमचा, पाणी आणि कापूस एकच असतो, आणि हेपॅटायटिस सीला तेवढी वाट पुरते. या आजारावर लस नाही. घरच्यांच्या आणि पोलिसांच्या धाकाने हा मुलगा तपासणीलाही जात नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. वस्तीतच नवी सुई मिळावी आणि वापरलेली परत घेतली जावी. हेपॅटायटिस बीची लस, एचआयव्ही व हेपॅटायटिस सीची तपासणी तिथेच व्हावी. हेपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. ते या मुलांपर्यंत पोचवावेत. जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहज मिळावी. तिने टर्की आवरते आणि टोचण्याची गरजच कमी होते. सुई देणारा कार्यकर्ता हा अनेकदा या मुलाशी न रागावता बोलणारा पहिला मोठा माणूस असतो. व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता त्याच्याकडूनच कळतो. हानी कमी करणे आणि व्यसन सोडवणे यांत वैर नाही. पहिले काम नीट झाले, तरच दुसऱ्यासाठी माणूस हाती उरतो.