विषाणूचे शास्त्र आणि मतांचे सोवळे

शास्त्रज्ञाने शास्त्रापुरतेच बोलावे, राजकारण आणि जगणे इतरांवर सोपवावे, असे बजावणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हा आग्रह वरकरणी विवेकाचा वाटतो. मुळात तो सोयीचा आहे.

डॉ. रमण गंगाखेडकर २०२० साली करोनाच्या पत्रकार परिषदांमुळे घरोघरी ठाऊक झाले. पण त्यांची हयात गेली ती एचआयव्हीच्या कामात. पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुसंख्य विवाहित आणि एकनिष्ठ होत्या. तरीही त्यांच्यातील १३.६ टक्के बाधित निघाल्या.

आता या आकड्यातले शास्त्र कोणते आणि मत कोणते, ते सोवळ्यातल्या मंडळींनी वेगळे करून दाखवावे. पातिव्रत्य हे स्त्रीचे कवच, ही आपली लाडकी समजूत या टक्केवारीपुढे टिकत नाही. नवऱ्याला निरोध वापरायला सांगण्याची सोय जिला नाही, तिची एकनिष्ठा तिला वाचवू शकत नाही. विषाणू रक्तात सापडतो. तिथे पोचण्याची त्याची वाट घरातल्या सत्तेतून जाते. ती वाट दाखवणारा संशोधक विवाहसंस्थेविषयी बोलतच असतो, त्याने तसे म्हटले काय किंवा न म्हटले काय.

शास्त्रज्ञाचे प्रत्येक मत शास्त्र ठरत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. एचआयव्हीच्या शोधाबद्दल २००८ चे नोबेल मिळवणाऱ्या ल्यूक मोंतान्ये यांनी पुढे पाण्याच्या ‘स्मृती’सारख्या असिद्ध कल्पनेची पाठराखण केली. तिथे नोबेल नव्हे, पुरावाच मागायला हवा. परंतु पुरावा मागणे वेगळे आणि तोंड बंद करणे वेगळे.

तोंड बंद करण्याची किंमत मराठीला नवी नाही. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालय सोडावे लागले. त्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि पुराव्यानिशी भांडणारे गद्य मराठीला दिले.

फलटणसारख्या गावी मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचा प्रश्न इथेच सुरू होतो. अलंकार ओळखणारा विद्यार्थी आम्ही घडवतो. युक्तिवाद तपासणारा घडवतो काय? असे गद्य ‘ललित नाही’ म्हणून आम्हीच वर्गाबाहेर ठेवणार असू, तर शास्त्रज्ञाला गप्प बसवणाऱ्यांत आमचाही हात आहे.