दोन अर्ध्या गाण्यांचा हिशेब

१९९४ सालचा मे महिना. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत होतो. दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली माझी पुतणी पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. येताना तिनं कपडे थोडे आणि कॅसेट जास्त आणल्या होत्या. त्यांतल्या एकीवर तिचा विशेष जीव. मराया कॅरी नावाच्या अमेरिकन गायिकेची ती कॅसेट होती आणि तीतलं ‘विदाउट यू’ हे एकच गाणं ती दिवसातून किमान दहा वेळा लावायची. संपलं की कॅसेट उलटी फिरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न आला, “काय गं, ही बाई एवढी कशानं कळवळतेय?”

“काकू, तिला सोडून गेलाय तो.”

“मग जाऊ दे की! चहा झालाय, या.”

मला इंग्रजी गाण्यांतलं फारसं कळत नाही. बाबूजींच्या आणि वसंतराव देशपांड्यांच्या गाण्यावर पोसलेला माझा कान. पण बँकेत काम करणाऱ्या माणसाला एक खोड असते, बारीक टाइप वाचायची. एका दुपारी कॅसेटच्या वेष्टणातला तो घडीचा कागद उलगडून पाहिला, तर या गाण्यापुढे दोन पुरुषांची नावं : हॅम आणि एव्हन्स. म्हणजे गाणं बाईंचं नव्हतंच. हे दोघे कोण, असं पुतणीला विचारलं. तिनं खांदे उडवले. तिला ठाऊक नव्हतं. आणि त्या वर्षी हे गाणं ऐकून डोळे पुसणाऱ्या बहुतेकांनाही ते ठाऊक नसावं.

पुढच्या तीस वर्षांत जमेल तसं, मिळेल तिथून वाचत गेलो. प्रेमगीताच्या मागे लागलो होतो, आणि हाती लागली ती एक खातेवही.

पीट हॅम हा वेल्समधल्या स्वान्सी गावचा मुलगा. तिथल्या ‘आयव्ही प्लेस’ या जागेवरून त्याच्या वाद्यवृंदाचं नाव ‘आयव्हीज’ पडलं होतं. टॉम एव्हन्स लिव्हरपूलचा, म्हणजे बीटल्सच्या गावचा. तो पुढे येऊन मिळाला. १९६८ साली या मुलांना खुद्द बीटल्सच्या ‘अ‍ॅपल’ कंपनीनं करारबद्ध केलं. नंतर त्यांचं नाव बदलून ‘बॅडफिंगर’ झालं आणि पॉल मॅकार्टनीनं त्यांना एक गाणं स्वतः लिहून दिलं. कोल्हापुरातल्या एखाद्या होतकरू मुलाला व्ही. शांतारामांनी बोलावून घ्यावं, तसंच हे! भाग्य याहून मोठं ते काय असतं?

ही मंडळी लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागात एकाच घरात राहत. तिथे त्या गाण्याचा जन्म झाला, आणि तोही मोठा गमतीचा. पीटजवळ एक गाणं होतं. कडवी चांगली जमली होती, पण ध्रुवपदात दम नव्हता. टॉमजवळ एक ध्रुवपद होतं, दणदणीत, पण त्याला कडवी नव्हती. पीटची कडवी एका रात्रीची. त्या दिवशी काम बाजूला ठेवून तो मैत्रिणीला फिरायला घेऊन गेला होता. ती ओठांनी हसत होती, पण डोळे काही वेगळंच सांगत होते; घरी परतल्यावर त्याला तेच आठवत राहिलं. टॉमचं ध्रुवपद अशाच दुसऱ्या दुःखातून आलेलं. पुढे जी त्याची बायको झाली ती त्याला सोडून जर्मनीला निघून गेली होती आणि तो वेड्यासारखा तिच्यामागे गेला होता. दोन माणसं, दोन बायका, दोन दुःखं आणि दोन अर्धी गाणी. दोघांनी ती एकमेकांना जोडली. सांधा असा बेमालूम बसला, की आजही ऐकताना तो सापडत नाही. जो माणूस कडव्यात कुजबुजतो, तोच ध्रुवपदात आक्रोश करतो असं वाटतं. खरं तर ती दोन वेगळी माणसं आहेत.

आणि एवढं करून त्यांनी त्या गाण्याचं काय केलं? १९७०च्या ‘नो डाइस’ या तबकडीच्या पहिल्या बाजूला अगदी शेवटी ते टाकून दिलं. वेगळी तबकडी काढावी असं त्या वेळी ना त्यांना वाटलं, ना कंपनीला. मूळ ध्वनिमुद्रण आज ऐकलं तर साधं, काहीसं घाईचं वाटतं.

आता या गोष्टीत एक बँकवाला येतो, म्हणून मी जरा सरसावून बसतो. हॅरी निल्सन. जन्म ब्रुकलिनचा, घरची गरिबी, शिक्षण जेमतेम नववीपर्यंत. शिक्षणाबद्दल थाप मारून तो कॅलिफोर्नियातल्या एका बँकेत संगणकावर रात्रपाळीला लागला. थाप उघडकीला आली, पण काम चांगलं म्हणून बँकेनं त्याला ठेवून घेतलं. (आमच्याकडे आधी खातेनिहाय चौकशी लागली असती.) रात्री बँक आणि दिवसा गाणी. पुढे ‘मंकीज’ या वाद्यवृंदानं त्याचं एक गाणं घेतलं, तेव्हा प्रकाशकानं त्याला सांगितलं, की आता बँक सोडायला हरकत नाही. मी स्वतः पहिल्या कादंबरीनंतर एकवीस वर्षं बँक सोडली नाही. तेव्हा निल्सनबद्दल मला वाटतं त्याला हेवा म्हणावं की आदर, हे अजून ठरलेलं नाही.

निल्सननं हे गाणं एका मेजवानीत ऐकलं. त्याला वाटलं, बीटल्सचंच. शोधून पाहिलं तर बॅडफिंगरचं निघालं. १९७१मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत त्यानं ते ध्वनिमुद्रित केलं. त्याच्या मनात नुसता पियानो आणि आवाज होता. निर्माता रिचर्ड पेरी मात्र हट्टाला पेटला : मागे ताल हवा, तंतुवाद्यांचा ताफा हवा. वाजवणाऱ्यांसमोर निल्सन कुरकुरत होता, गाण्याला नावं ठेवत होता. पेरीनं ऐकलं नाही. पियानोवर गॅरी राइट बसला, तंतुवाद्यांची योजना पॉल बकमास्टरनं केली. सुरुवातीला एकट्या पियानोचे थोडे सूर, मग जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. आणि शेवटी तोच आवाज असा वर चढतो, की ऐकणाऱ्याला आपणच धाप लागल्यासारखं वाटतं. आपल्याकडे गवई षड्ज लावून श्रोत्यांना अर्धा तास थांबवतो. इथे साडेतीन मिनिटांत जमिनीवरून गच्चीवर जायचं असतं. ही कला वेगळी आहे आणि ती सोपी नाही, एवढं आता मला कबूल आहे.

१९७२च्या आरंभी हे गाणं अमेरिकेत चार आठवडे आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. निल्सनला त्यासाठी ग्रॅमी मिळालं. शंभराहून अधिक गायकांनी ते पुढे गायलं. म्हणजे पीट आणि टॉम यांच्या घरी पैशांची गाडीच रिकामी व्हायला हवी होती.

ती झाली नाही. १९७०मध्ये स्टॅन पॉली नावाचा अमेरिकन व्यवस्थापक त्यांना भेटला होता. त्यानं एक कंपनी काढली, वाद्यवृंदाची सगळी मिळकत तिच्यात जायची आणि मुलांना त्यातून ठरावीक पगार मिळायचा. पोरं विशी-बाविशीची. हा गृहस्थ कोट-टायवाला, कायद्याची भाषा बोलणारा. त्यांनी सह्या केल्या. पुढे वॉर्नर कंपनीशी मोठा करार झाला. त्यातली आगाऊ रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे तिसऱ्याच्या हाती अटी पुऱ्या होईपर्यंत सुरक्षित राहायची होती. असं खातं रिकामं असणं हे आमच्या धंद्यात देवळातून मूर्ती नाहीशी होण्यासारखं. पैसे कुठे आहेत याचं उत्तर पॉलीकडून मिळेना, तेव्हा १९७४च्या डिसेंबरात वॉर्नरच्या संगीत विभागानं कोर्टात धाव घेतली. बॅडफिंगरची नुकतीच निघालेली तबकडी दुकानांतून परत घेतली गेली. जुन्या ‘अ‍ॅपल’कडचं येणं बीटल्सच्या आपसातल्या कज्ज्यात अडकलेलं. १९७५च्या एप्रिलात पगारही आला नाही. पीटनं नवं घर घेतलेलं, त्याचे हप्ते चालू. मैत्रीण गरोदर. २४ एप्रिल १९७५ला, अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, पीट हॅमनं आपलं आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत पॉलीचं नाव होतं. महिन्याभरानं मुलगी जन्मली.

हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला आमच्या गावचा क्लॅरोनेटवाला आठवला. तालुक्याच्या त्या गावी एक नामांकित ब्रास बँड होता. मालकाला नवी वाद्यं आणि एक टेम्पो घ्यायचा होता. कर्जप्रकरण माझ्याकडे आलं. जामीनदार पगारदार हवा, म्हणून मालकानं आपल्या क्लॅरोनेटवाल्याला उभं केलं. हा दिवसा नगरपालिकेच्या शाळेत शिपाई, लगीनसराईत बँडमध्ये. वाजवायचा असा, की वरातीतले लोक नाचायचे थांबून ऐकत. जामीनपत्राची पानं चार, टाइप बारीक. मी नेहमीप्रमाणे पेन्सिलीनं फुल्या करून ठेवल्या होत्या. तो म्हणाला, “सायब, सही कुठं?” मी बोट ठेवून दाखवलं, इथे, इथे आणि इथे. कुठे ते दाखवलं. कशावर ते सांगितलं नाही. रांग होती, मार्चअखेर होती. ही कारणं मी पुष्कळ वेळा स्वतःला देऊन पाहिली आहेत.

दोन वर्षांत बँड बुडाला, मालक मुंबईला निघून गेला आणि वसुली क्लॅरोनेटवाल्याच्या पगारातून सुरू झाली. नोटिशीवर सही माझीच होती. कायद्यानं सगळं चोख होतं. कपात संपायला सहा वर्षं लागली. त्यानं क्लॅरोनेट विकलं की नाही, हे विचारायचं धाडस मला त्या गावात असेपर्यंत झालं नाही.

म्हणून पॉलीसारख्या माणसाला शिव्या घालून मोकळं होणं मला जमत नाही. कलावंतासमोर कागद सरकवणारे सगळे लबाड नसतात. पुष्कळसे माझ्यासारखे घाईत असतात. परिणामात फरक पडत नाही.

टॉम एव्हन्सचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. या गाण्याचं स्वामित्वधन थोडंथोडं सुटू लागलं, तसे वाटेकरी वाढले. जुने सोबतीही हिस्सा मागू लागले. १९८३च्या नोव्हेंबरात एका रात्री याच पैशांवरून टॉमचा एका जुन्या सोबत्याशी फोनवर कडाक्याचा वाद झाला, आणि दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, तोही पीटच्याच वाटेनं गेला. गाण्याचे दोन्ही अर्धे संपले. निल्सननं विश्वासानं सगळा पैसा एका आर्थिक सल्लागार व्यक्तीवर सोपवला होता. नव्वदीच्या आरंभी कळलं, की त्यातलं जवळजवळ काही उरलेलं नाही. अपहाराबद्दल त्या व्यक्तीला शिक्षा झाली, पैसा गेला तो गेलाच. १५ जानेवारी १९९४ला निल्सन वारला. अवघ्या काही दिवसांनी मराया कॅरीचं ‘विदाउट यू’ बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. माझ्या पुतणीच्या कॅसेटमधलं ते हेच.

आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगीताचे गीतकार आणि संगीतकार यांना त्या गाण्याच्या इतर वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातला समान वाटा मिळाला पाहिजे, आणि हा हक्क त्यांना वारसाखेरीज किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कुणाला लिहून देताच येणार नाही, अशी ती तरतूद. जावेद अख्तरांनी तिच्यासाठी राज्यसभेत किल्ला लढवला. “स्वतःचा हक्क विकायचं स्वातंत्र्यही नाही का?” असा आक्षेप तेव्हा काहींनी घेतला. मला ही तरतूद शंभर टक्के मान्य आहे. ज्याच्या हातात पेन्सिल आहे आणि ज्याच्या हातात क्लॅरोनेट आहे, त्या दोघांत स्वातंत्र्य समसमान असतं हे मी टेबलाच्या अलीकडे तीन तपं बसून कधी पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावी लग्नाला गेलो होतो. मांडवाबाहेर तो भेटला. केस पांढरे, पण ओळख पक्की. “सायब, बरं झालं भेटला,” म्हणाला आणि पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. थोरला मुलगा दुकान टाकत होता, भाडेकराराचा मसुदा होता. साक्षीदार म्हणून बापाची सही हवी होती.

“वाचून घेतलंत?” मी विचारलं.

“तुमी हायसा की. सही कुठं करू तेवढं सांगा.”

मी त्याला खुर्चीवर बसवलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सात पानं होती. पंगत बसली, उठली. दोनदा बोलावणं येऊन गेलं. पाचव्या पानावर मान वर करून पाहिलं, तर तो बसल्या जागी डुलक्या घेत होता. मी त्याला हलवून उठवलं आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.