मोरीतली बाटली

आपले घर हे घरकाम करणाऱ्या मावशींचे आणि रुग्णसेवा करणाऱ्या परिचारकाचे कामाचे ठिकाण असते, हे आपल्या सहसा ध्यानी येत नाही. कारखान्यात आम्लाच्या पिंपावर नाव आणि धोक्याची खूण असते. आपल्या मोरीत मात्र तेच आम्ल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले आढळते. मोतीबिंदू झालेल्या आजोबांनी वा स्मृतिभ्रंश असलेल्या आजींनी ते ओळखावे कसे? असे द्रव मूळ बाटलीतच, औषधांपासून दूर, कुलपात असावेत.

चुकून कोणी प्यायलेच, तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी तर मुळीच पाजू नये. वर येणारे आम्ल अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल असल्यास ते फुप्फुसांत शिरते. तोंड पाण्याने धुवावे आणि ती बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कदापि एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि दमेकऱ्याला तो जीवघेणा ठरू शकतो. ‘दोन्ही घाला, लख्ख निघेल’ असे मावशींना बहुधा आपणच सांगितलेले असते! वायू नाकात गेल्यास तत्काळ मोकळ्या हवेत यावे. खोकला थांबला तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण धाप काही तासांनंतरही लागू शकते.